‘अखेर’च्या रकान्यातले आपण

2025 च्या उन्हाळ्यात, जूनमधल्या त्या बारा दिवसांची धास्ती थोडी ओसरल्यावर, एका सकाळी आमच्या दारात एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, बोलणे आर्जवी. आमचे जुने शिकून पाडून त्या जागी उंच इमारती बांधण्याची योजना आहे आणि त्यापूर्वी रहिवाशांची पाहणी चालू आहे, असे तिने सांगितले. घरात माणसे किती, वये काय, जिना चढवतो का, गाडी आहे का, असे तिचे प्रश्न होते. प्रश्न रास्त होते. आम्ही उत्तरे दिली, चहाही पाजला. मग तिने विचारले, घरात भाषा कोणती बोलता? तिच्या यादीत हिब्रू होती, अरबी होती, रशियन, अम्हारिक, फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश होत्या. आम्ही म्हणालो, मराठी. तिने यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि हसून म्हणाली, "काही हरकत नाही, मी ‘अखेर’ लिहिते."

हिब्रूत अखेर म्हणजे ‘इतर’. मराठीत अखेर म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांस सांगायला नको. ती बिचारी निघून गेली. तिचा काय दोष? पण तो शब्द आमच्या कानांत दिवसभर वाजत राहिला, आणि पुढच्या काही आठवड्यांत जे जे कळत गेले त्यावरून वाटू लागले की त्या शब्दाचा मराठी अर्थच खरा ठरणार.

गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. दिमोना, येरूहाम, बेरशेबा, किर्यात गात, अश्दोद, लोद, रामले, जेथे म्हणून आपली वस्ती आहे तेथील वाचकाला ही आपल्याच गल्लीची हकीकत वाटेल, आणि आज वाटली नाही तर उद्या वाटेल. पन्नास-साठ सालांत घाईघाईने उभारलेली तीन-चार मजली शिकुने आता मोडकळीस आली आहेत. ती पाडायची, जुन्या मालकाला त्याच जागी नवे घर द्यायचे, आणि वरची जास्तीची घरे विकून बांधणाऱ्याने आपला खर्च व नफा काढायचा, ही पिनूय-बिनूयची पद्धत 1998 पासून सरकारी धोरण आहे. 2016 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. अडून बसलेल्या मालकाला कोर्टात खेचण्यासाठी पूर्वी ऐंशी टक्के मालकांची संमती लागे; 2021 च्या दुरुस्तीने ती दोन-तृतीयांशावर आली. म्हणजे ही गाडी आता वेगाने धावणार आहे.

कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की आम्ही जुन्या भिंतींना कवटाळून बसलो आहोत. 1992 नंतरच्या नव्या घरांत मामाद बांधावा लागतो. आमच्या शिकुनात तो नाही. सायरन वाजला की गुडघे धरून तीन जिने उतरायचे आणि अंगणापलीकडच्या मिकलाटमध्ये शिरायचे, हे ज्यांनी जूनमध्ये रात्री दोन-दोनदा केले त्यांना लिफ्ट आणि मामादचे महत्त्व कोणी शिकवायला नको. पडो ती इमारत. आमचे भांडण वेगळे आहे.

योजना दाखल झाल्याची नोटीस निघाली. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत आली, आणि एक प्रत आमच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला, कचऱ्याच्या पेट्यांजवळ, बांधलेली होती. आम्ही मंडळाच्या चौघी इरियात जाऊन नकाशा पाहून आलो. सुंदर नकाशा. झाडे, सायकलची वाट, दुकानांची ओळ, दोन पाळणाघरे, बसायला बाके. आपले सिनेगॉग शोधता शोधता आमच्यातल्या सर्वांत धाकटीने बोट ठेवले: तेथे तळघरातल्या वाहनतळाकडे उतरणारा रस्ता होता. समोरच्या तरुण अधिकाऱ्याला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "तेथे सिनेगॉग आहे? कागदावर तर तळमजल्यावरची दोन घरे आहेत."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि येथेच सगळी मेख आहे. सत्तरच्या दशकात आपल्या वडीलधाऱ्यांनी खटपट करून तळमजल्यावरची दोन रिकामी घरे मिळवली. मधली भिंत पाडली, कोकणातून जपून आणलेला सेफेर तोरा आत ठेवला, मागच्या बाजूला एक मोरी आणि ओटा केला. परवानगीचे एक पत्र आले, ते कोणाच्या तरी पेटीत गेले. भाडेपट्टा नाही, नोंद नाही. अर्धशतक तेथे शब्बाथची प्रार्थना झाली, मुलांचे बारमित्स्वा झाले, एलूलच्या काळोख्या पहाटे सेलिहोत झाले, आणि कागदावर ती दोन रिकामी घरेच राहिली. पिनूय-बिनूयमध्ये नवी जागा मालकाला मिळते. सिनेगॉग कोणाचेच मालक नाही. म्हणून ते कोणी पाडायचे ठरवलेलेही नाही; ते मुळात नव्हतेच, असे धरून पुढची रेघ ओढली आहे.

यावर कोणी म्हणेल, नव्या वस्तीत एक मोठे सिनेगॉग असेलच की. असेल. पण जरा हिशेब करून पाहा. बांधकाम चालू असताना रहिवाशांना चार-पाच वर्षे दुसरीकडे भाड्याने राहावे लागते. भाडे बांधणारा देतो, घर ज्याला जेथे मिळेल तेथे. आपली वीस-पंचवीस कुटुंबे गावाच्या चार टोकांना विखुरतील. शब्बाथला गाडी चालवायची नाही, बस नाही. पंचाहत्तरीचा माणूस पायी किती चालेल? मिन्यानला दहा लागतात. नऊ जमले की झाले. चार वर्षे मिन्यान मोडले की हझान दुसऱ्या एदाच्या सिनेगॉगमध्ये कोपऱ्यात बसायला लागतो, आणि आपल्या चालीवर म्हणणारे तोंड मिटते. इमारत परत बांधता येते, चाल परत बसवता येत नाही. नगररचना करणारे रस्त्याची रुंदी मीटरमध्ये मोजतात. म्हातारा माणूस शब्बाथला किती पावले चालतो हेही मोजावे लागते, ही साधी गोष्ट त्यांच्या शाळेत शिकवीत नसावेत.

आम्ही हे सारे अर्ज करून इरियाला कळवले. पंधरवड्याने उत्तर आले. उत्तर नगररचना खात्याकडून आले नाही, संस्कृती खात्याकडून आले! आपला समाज शहराच्या रंगीबेरंगी गोधडीतला एक सुंदर तुकडा आहे, आपल्या संस्कृतीचा आम्हांला अभिमान आहे, आणि त्याच अभिमानापोटी येत्या महिन्यात मतनासमध्ये ‘भारतीय संध्याकाळ’ ठेवली आहे, तरी अवश्य यावे, असे त्यात लिहिले होते.

ही भारतीय संध्याकाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा पाहावी. स्टेजवर हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाच. नाचणाऱ्या मुली गुणी होत्या, पण त्यांत आपल्या फारशा नव्हत्या. मेंदीचा एक कोपरा, समोशांचा एक कोपरा, प्रवेशद्वाराशी कागदी हत्ती. नगराध्यक्षांनी दोन्ही हात जोडून "नमस्ते" म्हटले, त्यांच्या गळ्यात आपल्याच एका पुढाऱ्याने भगवी शाल घातली. दोन तासांत मराठीचा एक शब्द कोणी उच्चारला नाही. शांताबाई किंवा पु. ल. यांच्या नावाची अपेक्षा आम्ही करत नाही, पण निदान "या, बसा" एवढे तरी?

आणि कळस पुढेच आहे. संध्याकाळीच्या आधी एक आठवडा आमच्या मंडळाला निरोप आला की स्टेजवर मलिदा दाखवता येईल का. दहा मिनिटांत. प्रार्थना वगळून, कारण वेळ कमी आहे. ताट सजवून आणा, समजावून सांगायला निवेदिका आहे. आम्ही नको म्हटले. दुसऱ्या कोणी तरी हो म्हटले आणि ताट स्टेजवर गेले.

मलिदा म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगावे लागू नये. नवस फेडायचा असतो, मुलगा सैन्यातून सुखरूप परतलेला असतो, लग्न ठरलेले असते. सकाळपासून चार बायका पोहे भिजवतात, नारळ खवतात, गूळ की साखर यावर वाद घालतात. फळे मोजून ठेवली जातात. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन सगळे एका सुरात म्हणतात, आणि मग ताटातला प्रसाद हाताहातांतून फिरतो. त्यासाठी एक खोली लागते. मोरी लागते, ओटा लागतो, पंचवीस माणसे मांडीला मांडी लावून बसतील एवढी जागा लागते, आणि ही माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहणारी असावी लागतात. हे सर्व पाडायचे आणि ताट तेवढे स्टेजवर मांडायचे, याला संस्कृती म्हणायचे असेल तर फोटोला हार घालण्याला सेवा म्हणावे.

आमचा सारा जन्म रुग्णसेवेत गेला, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधण्याचे, साखर तपासण्याचे काम आम्ही बरीच वर्षे केले. कुठली आजी बरी होणार, हे तिच्या कागदांवरून कळण्याआधी जिन्यात कळायचे. शेजारणीचे दार उघडे असेल, खालच्या बाकावर दोघी-तिघी भाजी निवडत असतील, तर ती आजी औषध वेळेवर घेणार. नव्या टॉवरमध्ये गेलेल्या आजी आम्ही पाहिल्या आहेत. लिफ्ट आहे, मामाद आहे, स्वच्छ भिंती आहेत, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडातून शब्द नाही. हिब्रू मोडकी, शेजारी नवे, वाआद बायितचा खर्च पूर्वीच्या कितीतरी पट. एका आजीने आम्हांला विचारले होते, "बाय, मी मराठी विसरत चाललेय का गं?" हा प्रश्न संस्कृती खात्याचा की आरोग्य खात्याचा की नगररचना खात्याचा? इरियात तो कुठल्याच खिडकीवर घेत नाहीत.

आता थोडे मागे जाऊ, कारण आपल्या तरुणांना वाटते की शहराकडे हक्काने काही मागणे ही आपली रीतच नाही. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला आपले पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, बांधले. ज्या गल्लीत ते उभे राहिले तिला पुढे सॅम्युएल स्ट्रीट म्हणू लागले. आमची आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि मध्य रेल्वेवरच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्या जुन्या मशिदीवरूनच पडले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. आणि 1937 साली डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. साऱ्या हिंदुस्थानात आपण त्या काळी वीस हजारांच्या आसपास होतो. लाखो वस्तीच्या त्या शहरात आपण मीठ टाकण्याइतकेही नव्हतो, तरी गल्लीला आपले नाव, रस्त्याला आपले नाव, महापालिकेच्या खुर्चीवर आपला माणूस.

मुंबई म्हणजे स्वर्ग होती असे आमचे म्हणणे नाही. साहेबाचे राज्य होते, मतदानाचा हक्क मूठभरांना होता, आणि आज तेथेही चाळी पाडून टॉवर उठत आहेत आणि तेथल्या आमच्या मैत्रिणी हीच रड सांगतात. परंतु एवढे खरे की तेथे आपण कोणाच्या गोधडीचा तुकडा नव्हतो. शाळा, दवाखाना, वॉर्ड यांच्या कारभारात आपली माणसे होती. ज्यू म्हणून परक्या देशात जे मिळवले ते आपल्या देशात ‘अखेर’च्या रकान्यात जावे?

एक गंमत पाहा. ज्याची आम्ही येथे भीक मागतो आहोत असे अधिकाऱ्यांना वाटते, ते जगभरच्या नगरपालिकांनी स्वतःच्या सहीने मान्य केलेले आहे. 2004 च्या मे महिन्यात बार्सिलोना येथे जमलेल्या शहरांच्या प्रतिनिधींनी संस्कृतीचा जाहीरनामा मंजूर केला. नगरपालिकांच्या जागतिक संघटनेने 2010 मध्ये मेक्सिको शहरात ठराव केला की विकासाचे तीन खांब मानतात, पैसा, समाज आणि निसर्ग, त्यांना संस्कृती हा चौथा खांब जोडावा. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जी सतरा उद्दिष्टे ठरवली त्यांतले अकरावे शहरांचे आहे, आणि शहर सर्वांना सामावून घेणारे असावे असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साध्या भाषेत सांगायचे तर खाटेला चौथा पाय पाहिजे. आमच्या इरियाने काय केले? तीन पायांवर खाट उभी केली आणि चौथा पाय रंगवून मतनासच्या स्टेजवर शोभेला ठेवला.

बरे, या देशात हे कधी झालेच नाही असेही नाही. 1977 मध्ये बेगीन यांनी वस्त्यांच्या पुनर्वसनाची जी मोठी योजना जाहीर केली तिच्या स्थानिक समित्यांवर रहिवाशांच्या प्रतिनिधींना जागा होती. त्यावर पुष्कळ टीका झाली, पैसे रंगसफेदीत गेले असेही म्हणतात, पण रहिवाशाला विचारायचे असते हे तत्त्व तरी तेव्हा मान्य झाले होते. आमच्या गल्लीतून त्या समितीवर कोणी गेले नाही. रात्रपाळी कोण सोडणार?

आता विरोधकांचे म्हणणे पाहू. पहिले म्हणजे मिझुग गालुयोत: आपण सगळे एक लोक, मग प्रत्येक एदाला वेगळे सिनेगॉग कशाला? हे ऐकायला फार गोड आहे. पण एकत्र व्हायचे म्हणजे नेहमी आपणच आपली चाल सोडून दुसऱ्याच्या चालीवर म्हणायचे, असे का? 1960 च्या सुमारास आपल्या विवाहांवर शंका घेतली गेली तेव्हाही एकतेचीच भाषा होती. आपले लोक तेव्हा पोराबाळांसह यरुशलेमला जाऊन बसले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेतला स्पष्ट सांगावे लागले की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत. त्या माणसांना हिब्रू आपल्याइतकीही येत नव्हती.

दुसरे म्हणणे, तुमची तरुण मुले येतात कुठे? हे खरे आहे, आणि झोंबते. आमचीही येत नाहीत. नातवाला मराठीतल्या शिव्या तेवढ्या येतात, त्याही आजोबांच्या कृपेने. पण मुले येत नाहीत म्हणून दार बंद करायचे, आणि दार बंद म्हणून मुले येत नाहीत, हा खेळ कुठवर चालणार? इथियोपियाहून आलेल्या बांधवांकडे पाहा. आपल्यामागून आले, आपल्याहून जास्त सोसले, पण ‘सिग्द’साठी त्यांनी चिकाटी सोडली नाही, आणि 2008 मध्ये क्नेसेतने कायदा करून तो राष्ट्रीय सण केला. नेवातीमला कोचीनच्या बांधवांनी सिनेगॉग आणि संग्रहालय उभे केले. मोशावात त्यांची जमीन होती, आपण शिकुनात दुसऱ्याच्या जमिनीवर, हा फरक आहेच. पण तेवढाच फरक आहे का?

येथे आता आपल्या घरातले धुणे बाहेर काढावे लागते. काही वाचक रागावतील, रागावोत. 2001 पासून नियम असा आहे की इरियाला सार्वजनिक जमीन किंवा जागा एखाद्या संस्थेला द्यायची तर ती रीतसर जाहीर करून, समितीपुढे ठेवून द्यावी लागते, आणि घेणारी संस्था नोंदलेली अमुता असावी लागते. तिच्याकडे निहूल ताकीनचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे हिशेब दरवर्षी दाखल केलेले पाहिजेत. आमच्या गावात आपल्या दोन अमुता आहेत. पहिलीतून भांडून दुसरी निघाली. भांडण कशावरून? स्नेहसंमेलनात माइक प्रथम कोणाच्या हातात द्यावा यावरून. पहिलीचे हिशेब अडलेले, दुसरीचे अध्यक्ष म्हणतात आमच्याकडे पैसेच नाहीत तर हिशेब कशाचा. जागा मागायला गेलो तर कोणाच्या नावावर मागायची? फेब्रुवारी 2024 मध्ये नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या. आपली मते तीन याद्यांत विभागली गेली, कारण तिन्ही उमेदवार आपल्या कोणा ना कोणाच्या घरी येऊन पुरणपोळी खाऊन गेले होते. येथे यादीवार मतदान होते, एका ठरावीक आकड्याखाली गेलात की मते वाया. पुरणपोळ्या पचल्या, परिषदेत आपला एकही नाही.

आणि स्टेजवर ताट नेले ते कोणी? शाल घातली ती कोणी? इरियाने आपल्याला फसवले असे म्हणताना हेही लिहायला हवे की आपण हौसेने फसलो. टाळ्या वाजल्या की आपल्याला वाटते, मान मिळाला. ज्या सभेत टाळ्या वाजत नाहीत, जेथे चार कंटाळलेले लोक नकाशावर वाकून चौरस मीटर मोजत बसतात, त्या सभेला आपण जात नाही.

तर आम्ही काय केले ते सांगतो, म्हणजे इतर गावांतल्या वाचकांना उपयोग होईल. 1965 च्या नियोजन व बांधकाम कायद्याप्रमाणे योजना दाखल झाल्यावर साठ दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी लागते, कारणे द्यावी लागतात, आणि सोबत वकिलापुढे केलेले प्रतिज्ञापत्र लागते. आपल्याच एका भाचीने, जी वकील आहे आणि जिला मराठी फक्त कळते, फी न घेता हे काम केले. मजकूर आम्ही मराठीत सांगितला, तिने हिब्रूत उतरवला. मलिदासाठी मोरी का लागते, हे तिला समजावताना एक अख्खी संध्याकाळ गेली. तिला वाटले आम्ही थट्टा करतो आहोत.

हरकतीत आम्ही मागितले ते असे. नव्या इमारतींपैकी एकीच्या तळमजल्यावर सिनेगॉग आणि त्याला लागून स्वयंपाकाची सोय असलेली खोली, योजनेच्या नियमांतच लिहून द्यावी. पुढे बघू, असे तोंडी नको. बांधकाम टप्प्याटप्प्याने करावे आणि जुनी जागा नवी तयार होईपर्यंत पाडू नये, म्हणजे मिन्यान मोडणार नाही. ज्या वृद्धांना हवे असेल त्यांना भाड्याची घरे सिनेगॉगपासून चालण्याच्या अंतरावर द्यावीत. नोटिसा आणि बैठका मराठीतही व्हाव्यात. रशियनमध्ये होतात, अम्हारिकमध्ये होतात, मग मराठीत का नाही? आणि रहिवाशांची जी पाहणी झाली ती भाषेचा रकाना दुरुस्त करून आमच्या तीन इमारतींपुरती पुन्हा करावी. हे शेवटचे कलम वकिलीणबाईंना फार किरकोळ वाटत होते. आम्ही ते काढू दिले नाही.

सह्या गोळा करायला आम्ही दारोदार फिरलो. एकेचाळीस मिळाल्या. अकरा घरांनी नाही म्हटले. कोणी म्हणाले, इरियात मुलगा कामाला आहे. कोणी म्हणाले, नवे घर मिळतेय ते अडेल. एकीने स्पष्टच विचारले, सिनेगॉग वाचले तर आमचा मजला कमी होईल का? तिला आम्ही नीट समजावून सांगितले, तरी तिने सही केली नाही, पण निघताना डबाभर चकल्या दिल्या. दोन्ही अमुतांच्या अध्यक्षांच्या सह्या एकाच पानावर आहेत. ते पान भाचीने झेरॉक्स करून ठेवले आहे, कारण असे पुन्हा कधी घडेल याची खात्री नाही.

हरकत अठ्ठावन्नाव्या दिवशी दाखल झाली. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. सुनावणी सकाळी असते, बंद खोलीत, आणि बसायला दहा-बाराच खुर्च्या असतात असे कळते. आम्ही घडीच्या खुर्च्या बरोबर नेणार आहोत. इतर गावांतल्या वाचकांनी तोवर एवढेच करावे: आपल्या सिनेगॉगचा कागद कोणाच्या पेटीत आहे ते शोधावे आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे. आमचा कागद शेवटी सापडला, एका दिवंगत हझानांच्या मुलीकडे, लग्नाच्या फोटोंखाली. त्यावर तारीख आहे, शिक्का आहे, आणि खाली आपल्या सहा माणसांच्या सह्या आहेत, सहाही मराठीत.